विचारांचे बीजगणित

इंग्लंडच्या पूर्व भागात लिंकन नावाचे एक जुने शहर आहे. टेकडीवर भव्य चर्च आणि खाली अरुंद गल्ल्यांची वस्ती, असे त्याचे रूप. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ह्या शहरात जॉन बूल नावाचे गृहस्थ जोडे शिवण्याचा व्यवसाय करीत. व्यवसाय जोड्यांचा, पण त्यांचे मन रमे ते भिंगांत आणि आरशांत. त्यांनी स्वतःच्या हातांनी एक दुर्बीण तयार केली आणि दुकानाच्या खिडकीत पाटी लावून, ज्याला ईश्वराची करणी पाहावयाची असेल त्याने आत यावे, असे येणाऱ्याजाणाऱ्यांस आमंत्रण दिले. अशा दुकानात दिवसाकाठी जोडे किती शिवून होत असतील, ह्याची कल्पना तुम्हीच करा! ह्या घरात २ नोव्हेंबर १८१५ रोजी जॉर्जचा जन्म झाला. चार भावंडांत तो थोरला.

जॉर्जला गणिताचे पहिले धडे वडिलांनीच दिले. लॅटिन भाषा शिकविण्याइतके ज्ञान मात्र त्यांच्यापाशी नव्हते. म्हणून ओळखीच्या एका पुस्तकविक्रेत्याने ती भाषा त्याला शिकविली. पुढे ग्रीक भाषा शिकविणारे कोणी मिळेना, तेव्हा जॉर्जने पुस्तके समोर ठेवून ती आपली आपणच शिकून घेतली. चौदाव्या वर्षी त्याने एका प्राचीन ग्रीक कवितेचे पद्यमय भाषांतर केले. वडिलांना मुलाचे मोठे कौतुक; त्यांनी ते गावच्या वर्तमानपत्रात छापावयास दिले. ते वाचून एका शाळामास्तरांनी, एवढ्या लहान मुलाला असे भाषांतर करता येणे शक्य नाही, असा जाहीर आक्षेप घेतला. मुलाच्या प्रामाणिकपणावर भर गावात शंका घेतली गेली. पण जॉर्जने अभ्यास सोडला नाही.

तो सोळा वर्षांचा झाला आणि वडिलांचा धंदा बसला. आईवडील आणि तीन धाकटी भावंडे ह्यांच्या पोटापाण्याचा भार थोरल्या मुलावर येऊन पडला. धर्मोपदेशक व्हावे अशी जॉर्जची इच्छा होती. ती त्याने बाजूला ठेवली आणि डॉन्कास्टर गावच्या एका शाळेत तो साहाय्यक शिक्षक म्हणून रुजू झाला. ज्या वयात इतर मुले शिकतात, त्या वयात तो शिकवू लागला. मिळणाऱ्या पगारातला बराच भाग घरी जाई. उरलेल्या थोड्या पैशांत पुस्तके घ्यावयाची, तर ती अशी असावीत की जी पुष्कळ दिवस पुरतील. कादंबरी दोन दिवसांत संपते. गणिताचे पुस्तक मात्र महिनेच्या महिने पुरते. ह्या साध्या हिशेबाने तो गणिताच्या ग्रंथांकडे वळला, असे सांगतात. दारिद्र्याने घातलेल्या अटीतून त्याच्या आयुष्याची वाट निघाली.

डॉन्कास्टरला असतानाच एके दिवशी शेतातून चालत जाताना एक विचार त्याच्या मनात विजेसारखा चमकून गेला. आकाशातील ग्रहांच्या गतीचे नियम न्यूटनने गणिताच्या चिन्हांनी मांडले. मग माणसाच्या मनात विचार ज्या नियमांनी चालतात, ते नियमही चिन्हांनी का मांडता येऊ नयेत? त्या वेळी त्याचे वय सतरा वर्षांचे होते. ह्या प्रश्नाचे उत्तर लिहून काढण्यास त्याला पुढे बरीच वर्षे लागली, कारण मध्यंतरी पोट भरावयाचे होते.

एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे १८३४ साली, जॉर्ज बूल ह्यांनी लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. दिवसा मुलांना शिकवावे आणि रात्री गावातील कामगारांच्या शिक्षणसंस्थेच्या ग्रंथसंग्रहातून आणलेले मोठमोठे ग्रंथ वाचावे, असा त्यांचा क्रम होता. फ्रेंच गणितज्ञांचे ग्रंथ ते मूळ भाषेतून वाचीत. हळूहळू त्यांच्या स्वतःच्या कल्पना कागदावर उतरू लागल्या. केंब्रिजहून निघणाऱ्या एका गणितविषयक नियतकालिकाचे तरुण संपादक डंकन ग्रेगरी ह्यांच्याकडे त्यांनी आपले लेख पाठविले. ग्रेगरींनी ते आनंदाने छापले, लेखनात सुधारणा सुचविल्या आणि ह्या एकांड्या शिक्षकाला मित्र मानले.

केंब्रिजला जाऊन रीतसर पदवी घ्यावी, असे बूल ह्यांच्या मनात आले. त्यांची तेवढी बुद्धी नक्कीच होती. परंतु पदवीचा ठरावीक अभ्यासक्रम घेतला तर स्वतःचे संशोधन थांबेल, असे ग्रेगरींनी त्यांना बजाविले. शिवाय शाळा बंद केली तर वृद्ध आईवडिलांनी खावे काय? बूल केंब्रिजला गेले नाहीत. पदवीवाचून राहिलेल्या ह्या शिक्षकाला १८४४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने एका गणिती निबंधाबद्दल सुवर्णपदक दिले.

सतराव्या वर्षीचा तो जुना प्रश्न अजून मनात होताच. त्याला चालना मिळाली ती दुसऱ्यांच्या भांडणामुळे. ऑगस्टस डी मॉर्गन हे गणितज्ञ आणि स्कॉटलंडचे तत्त्वज्ञ विल्यम हॅमिल्टन ह्यांच्यात तर्कशास्त्रातील एका शोधाच्या श्रेयावरून वाद जुंपला. ह्या डी मॉर्गन ह्यांचा जन्म आपल्याकडील मदुराईचा, १८०६ सालचा. वादाच्या बातम्या वाचून बूल ह्यांनी आपली जुनी टिपणे पुन्हा हाती घेतली आणि १८४७ साली एक छोटेसे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी तर्कशास्त्राचे बीजगणित केले. हे कसे, ते नीट समजून घेऊ.

बीजगणितात आपण क्ष आणि य ही अक्षरे संख्यांच्या जागी लिहितो. बूल ह्यांनी विचारले, अक्षर संख्येच्याच जागी असले पाहिजे असे कोठे आहे? ते एका निवडीच्या जागी का नसावे? समजा, जगातील सर्व वस्तूंमधून पांढऱ्या वस्तू निवडण्याच्या क्रियेला क्ष म्हटले, आणि मेंढ्या निवडण्याच्या क्रियेला य म्हटले. मग क्षय म्हणजे दोन्ही निवडी एकापुढे एक केल्यावर जे हाती राहते ते, म्हणजे पांढऱ्या मेंढ्या. हे मेंढ्यांचे उदाहरण बूल ह्यांनी स्वतःच घेतलेले आहे. आधी पांढऱ्या वस्तू निवडून त्यांतून मेंढ्या घ्या, किंवा आधी मेंढ्या निवडून त्यांतून पांढऱ्या घ्या; कळप तोच. म्हणजे क्षय आणि यक्ष समान. हा नियम संख्यांच्या गुणाकारातही आहे.

परंतु पुढे एक चमत्कार होतो. पांढऱ्या वस्तू निवडल्या आणि त्यांतून पुन्हा पांढऱ्या वस्तू निवडल्या, तर काय मिळेल? त्याच वस्तू. चाळणीतून एकदा खाली उतरलेले पीठ त्याच चाळणीत पुन्हा घातले, तर ते पुन्हा तसेच खाली उतरते. मराठीत आपण जोर देण्यासाठी पांढरीशुभ्र, पांढरी पांढरी असे म्हणतो खरे. पण तसे म्हटल्याने कळपात एकही मेंढी वाढत नाही की कमी होत नाही. तेव्हा ह्या बीजगणितात क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. संख्यांत असे होत नाही. दोन गुणिले दोन चार होतात, तीन गुणिले तीन नऊ होतात. सर्व संख्यांत शोधून पाहा. हा नियम पाळणाऱ्या संख्या दोनच आहेत, ० आणि १. बूल ह्यांनी ० हे चिन्ह काहीच नाही ह्या अर्थी आणि १ हे चिन्ह सर्व विश्व ह्या अर्थी घेतले. मग पांढऱ्या नसलेल्या वस्तू म्हणजे १ वजा क्ष. जी वस्तू एकाच वेळी पांढरी आहे आणि पांढरी नाही, अशी वस्तू असूच शकत नाही. म्हणून क्ष गुणिले (१ वजा क्ष) बरोबर ०. ॲरिस्टॉटलच्या काळापासून दोन हजारांहून अधिक वर्षे जो नियम शब्दांत सांगितला जात होता, तो त्यांनी एका ओळीच्या गणितात आणून ठेवला.

ह्या सर्व खटाटोपात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते, आणि मला तर तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. चिन्ह कशाचे बनलेले आहे, हे बूल विचारीत नाहीत. ते कोणते नियम पाळते, एवढेच ते पाहतात. नियम पाळत असेल तर ते संख्या असो, निवड असो किंवा एखादे विधान असो, गणित करण्यास हरकत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. शेवटी तिची गरज लागणार आहे.

आयर्लंडमधील कॉर्क शहरी सरकारने नवे महाविद्यालय काढण्याचे ठरविले, तेव्हा बूल ह्यांनी प्राध्यापकपदासाठी अर्ज केला. उत्तर येण्यास जवळजवळ तीन वर्षे लागली. वडील त्या उत्तराची वाट पाहत १८४८ च्या अखेरीस वारले. पुढच्या वर्षी नेमणूक झाली. ज्यांनी कधी महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून चढली नव्हती, ते बूल महाविद्यालयात गणिताचे पहिले प्राध्यापक झाले. भीषण दुष्काळाने त्या वेळी आयर्लंड होरपळून गेले होते. लिंकनमध्ये असताना दुकानांतील नोकरांचे कामाचे तास कमी व्हावेत म्हणून खटपट करणाऱ्या बूल ह्यांना ते दृश्य पाहून काय वाटले असेल, ते सांगावयास नको.

कॉर्कमध्येच त्यांनी आपला मोठा ग्रंथ लिहिला. विचारांच्या नियमांचा शोध, अशा अर्थाचे त्याचे नाव असून तो १८५४ साली प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी त्यांचा विवाह मेरी एव्हरेस्ट ह्यांच्याशी झाला. हे आडनाव आपल्या परिचयाचे आहे. मेरीचे चुलते जॉर्ज एव्हरेस्ट हे १८३० ते १८४३ पर्यंत भारताचे सर्व्हेअर जनरल होते आणि १८६५ साली हिमालयातील सर्वोच्च शिखरास त्यांचेच नाव देण्यात आले. बूल दांपत्यास पाच मुली झाल्या.

२४ नोव्हेंबर १८६४ रोजी बूल नेहमीप्रमाणे घरून महाविद्यालयाकडे पायी निघाले. अंतर सुमारे तीन मैलांचे. वाटेत जोराचा पाऊस लागला. ते चिंब भिजले. तरीही वर्गाची वेळ झाली म्हणून ओल्या कपड्यांनिशीच त्यांनी व्याख्यान दिले. घरी परतल्यावर ताप भरला, फुप्फुसांना सूज आली आणि ८ डिसेंबर १८६४ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. धाकटी मुलगी एथेल तेव्हा अवघ्या सात महिन्यांची होती. मेरी बूल मुलींना घेऊन इंग्लंडला परतल्या, लंडनच्या एका महाविद्यालयात त्यांनी ग्रंथपालाचे काम पत्करले आणि पुढे मुलांना गणित कसे शिकवावे ह्यावर पुस्तके लिहिली. मुलींपैकी अलिशिया चार मितींच्या भूमितीत निष्णात झाल्या, ल्यूसी रसायनशास्त्रज्ञ झाल्या आणि एथेल कादंबरीकार म्हणून नावारूपास आल्या.

बूल ह्यांचे बीजगणित मात्र बरीच वर्षे तत्त्वज्ञांच्या आणि थोड्या गणितज्ञांच्या कपाटात राहिले. त्याचा व्यवहारात उपयोग काय, असे कोणी विचारले असते, तर उत्तर देणे कठीण गेले असते. ते उत्तर १९३७ साली अमेरिकेत मिळाले. क्लॉड शॅनन नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवून दिले की विजेचे खटके हेच बीजगणित पाळतात. एका तारेवर दोन खटके एकापुढे एक बसविले, तर दोन्ही चालू असतील तेव्हाच दिवा लागतो. हे झाले ‘आणि’. तेच खटके दोन समांतर तारांवर बसविले, तर कोणताही एक चालू असला तरी दिवा लागतो. हे झाले ‘किंवा’. खटका चालू म्हणजे १, बंद म्हणजे ०. संगणकाच्या पोटातील सर्व आकडेमोड अशाच खटक्यांनी चालते.

संगणकाला काम सांगण्यासाठी माणसांनी खास भाषा रचल्या. त्यांपैकी हॅस्केल ह्या भाषेची पहिली अधिकृत व्याख्या १९९० साली प्रसिद्ध झाली. हॅस्केल करी ह्या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाचे नाव तिला दिलेले आहे. ही फलनप्रधान भाषा आहे. म्हणजे, आधी हे कर, मग ते कर, अशा आज्ञांची यादी न देता, काय आत घातले असता काय बाहेर यावे, हे फलनांच्या रूपाने तीत मांडावयाचे असते. प्रत्येक कार्यक्रमाच्या आरंभी काही तयार वस्तू तेथे आपोआप हजर असतात. त्या संग्रहाचे नाव प्रेल्यूड. नाटकाआधी नांदी व्हावी, तशी ही नांदी होय.

ह्या नांदीत वस्तूंचे मूलभूत प्रकार आहेत. ठरावीक मर्यादेतल्या पूर्ण संख्यांचा इंट, कितीही मोठ्या पूर्ण संख्यांचा इंटीजर, एकेका अक्षराचा चार, आणि त्यांच्याच पंक्तीस बूल हा प्रकार. त्याची व्याख्या एका ओळीत मावते. ह्या प्रकारात दोनच मूल्ये आहेत, फॉल्स म्हणजे असत्य आणि ट्रू म्हणजे सत्य. आडनावाच्या इंग्रजी लेखनातील शेवटचे अक्षर तेवढे गळाले आहे.

प्रकारांखेरीज तेथे करारही आहेत. हॅस्केलमध्ये त्यांना टाइपक्लास म्हणतात. शाळेतील उदाहरण घ्या. वर्गप्रमुख उंच आहे की ठेंगू, ह्याच्याशी शिक्षकांना कर्तव्य नसते. त्याला हजेरी मांडता आली पाहिजे आणि वह्या गोळा करता आल्या पाहिजेत, एवढेच ते पाहतात. तसेच येथे आहे. एखाद्या प्रकारातील दोन वस्तू सारख्या आहेत काय, ह्याचे उत्तर देता येत असेल तर तो प्रकार समतेचा करार पाळतो. त्यांत आधीची कोण आणि नंतरची कोण हे सांगता येत असेल तर क्रमाचा करार. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे मूल्य दाखविता येत असेल तर मर्यादेचा करार. इंट हे तिन्ही करार पाळतो. इंटीजरला मर्यादेचा करार करता येत नाही, कारण सर्वांत मोठी पूर्ण संख्या नसतेच. बूल तिन्ही पाळतो. तेथे असत्य लहान आणि सत्य मोठे धरलेले आहे. करार पाळणाऱ्या प्रत्येकाशी एकाच फलनाने व्यवहार करता येतो, मग ती वस्तू आतून कशीही बनलेली असो. वस्तू कशाची आहे हे न विचारता ती कोणते नियम पाळते हे पाहावयाचे, ही रीत आपण मागे कॉर्कच्या प्राध्यापकांपाशी पाहिलीच आहे.

समतेच्या करारात एक गंमत आहे. सारख्या आहेत काय, एवढे सांगितले की वेगळ्या आहेत काय, हे निराळे सांगावे लागत नाही. पहिले उत्तर उलटविले की दुसरे मिळते. उलटविण्याचे ते फलन म्हणजे बूल ह्यांचे १ वजा क्ष. आणि संख्या असोत की अक्षरे, समतेच्या प्रश्नाचे उत्तर नेहमी बूल ह्या प्रकारातच येते. म्हणून हा लहानसा प्रकार इतरांच्या करारांत ठायी ठायी भेटतो.

त्याच नांदीत फिल्टर नावाचे एक फलन आहे. त्याला एक कसोटी द्यावयाची आणि वस्तूंची एक यादी द्यावयाची. कसोटी प्रत्येक वस्तूस सत्य किंवा असत्य ठरविते. ज्यांस सत्य ठरविले त्या राहतात, बाकीच्या गळतात. तीच कसोटी निकालावर पुन्हा लावली तर यादी बदलत नाही. दोन कसोट्या असतील तर त्यांचा क्रम उलटा केला तरी यादी तीच. पांढऱ्या मेंढ्या निवडण्याची ती क्रिया, क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष हा तो नियम, जसाच्या तसा येथे आहे.

एका बाबतीत मात्र बूल ह्यांचे म्हणणे मागे पडले. ज्या दोन समूहांत काहीच समान नाही, त्यांचीच बेरीज करता येते, असा त्यांचा आग्रह होता. ज्यांना पोहता येते किंवा सायकल चालविता येते त्यांनी हात वर करावा, असे गुरुजींनी म्हटले आणि एखाद्याला दोन्ही येत असले, तर त्याची गणना दोनदा होईल, ही त्यांची अडचण. विल्यम जेव्हन्स ह्या तरुण अभ्यासकाने बूल ह्यांच्या अखेरच्या काळात त्यांना पत्रे लिहून सुचविले की ह्या बीजगणितात क्ष अधिक क्ष बरोबर क्षच धरावे. बूल ह्यांना ते पटले नाही. हॅस्केलच्या नांदीत सत्य किंवा सत्य ह्याचे उत्तर सत्य असेच येते. प्रकाराला नाव बूल ह्यांचे आहे. त्यातील ‘किंवा’ जेव्हन्स ह्यांचा आहे.